ऐकू आलं की बटण दाबायचं

त्या सकाळी तानपुऱ्यातून गंधार ऐकू आला तेव्हा मला आधी आनंदच झाला.

तानपुरा नीट लागलेला असला की खर्जाच्या जाड तारेतून एक गंधार आपोआप उमटतो. तो कुणी छेडलेला नसतो आणि त्याची वेगळी तारही नसते. कराडला ज्या बाईंकडे मी दहा वर्षं गाणं शिकते, त्या अगदी सुरुवातीपासून विचारायच्या, "गंधार येतोय का कानावर?" पहिल्या वर्षी मी नाही म्हणाले. दुसऱ्या वर्षीही नाही म्हणाले. माझ्याबरोबरच्या दोन मुलींना तो ऐकू यायला लागला. तिसऱ्या वर्षी मी हो म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि पुढची बंदिश सुरू केली. तेव्हापासून मी गंधार ऐकू येणाऱ्यांतली होते, आणि तो मला एकदाही ऐकू आलेला नव्हता.

म्हणून त्या सकाळी तो आला तेव्हा मी गाणं थांबवून नुसती तार छेडत बसले. वरच्या खोलीत मी एकटीच होते. सूर अगदी बारीक होता आणि सलग येत होता. वीसेक मिनिटं तरी मी ते ऐकत होते. बाईंना आता सांगायची गरज नाही, पण आपलं खोटं आज खरं झालं, असं काहीतरी मनात चाललं होतं. मग खालून मम्मीने चहाला हाक मारली आणि मी तारांवर तळवा ठेवला.

तारा थांबल्या. सूर थांबला नाही.

मी तानपुरा आडवा ठेवला. पंखा बंद केला. लॅपटॉपही बंद केला. उजव्या कानात बोट घातलं तर सूर वाढला. डाव्या कानात घातलं तरी तो तिथेच, आत. नीट ऐकल्यावर कळलं की तो गंधारही नव्हता. कुठल्याच सप्तकात बसणार नाही इतका वरचा होता. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी अडकून बसावी आणि कुणी गॅस बंद करायला जाऊ नये, तसा.

जिना उतरताना मी कठडा धरला होता. चहाचा कप घेतला आणि मम्मीला म्हटलं की रियाज छान झाला.

आदल्या दिवशी काय झालं होतं ते मला माहीत होतं. घरात कुणाला सांगता येत नव्हतं, कारण चूक पूर्ण माझी होती.

मी जे करते त्याला आमच्याकडे लोक रिमिक्स म्हणतात. मी स्वतः त्याला काही म्हणत नाही. स्वतःच्या गळ्यातला आलाप, तराणा, तानपुरा रेकॉर्ड करायचा आणि त्याखाली लॅपटॉपवर ठेका, बेस, वेगवेगळे इलेक्ट्रॉनिक आवाज बांधायचे. नाचता आलं पाहिजे आणि राग मोडता कामा नये. इंजिनिअरिंगनंतर मी घरूनच कंपन्यांच्या वेबसाइटची कामं करते, त्यामुळे हेडफोन घालून दिवसभर बसलं तरी कुणी विचारत नाही. दोन वर्षं मी हे ट्रॅक नाव आणि चेहरा न देता इंटरनेटवर टाकत होते.

त्यातला एक शेजारच्या गावच्या साउंडवाल्या दादांनी ऐकला. मिरवणुका, लग्नं, यात्रा यांना ते स्पीकरची भिंत भाड्याने देतात. त्यांनी मला मेसेज केला, "सर तुमचं लय भारी आहे. आमच्या साउंडला एक कंडिशन करून द्या." कंडिशन म्हणजे भिंतीची ताकद दाखवायला केलेला ट्रॅक. बेस किती खोल जातो, टॉप, म्हणजे वरच्या सुरांचे स्पीकर, किती कडक वाजतात हे त्यातून कळतं. दोन साउंडवाले समोरासमोर आले की आधी कंडिशन वाजते, मग गाणी. मी तीन महिने त्यांना उत्तरं देत होते आणि सर असण्याबद्दल काही बोलले नव्हते. शेवटी फोन करावाच लागला.

"आँ? ताई हाय व्हय तुमी?" ते म्हणाले. मग जरा वेळाने, "न्हाई, बरंच हाय की. आमच्या मंडळींला सांगतो, तिला वाटतंय मी कुणाशी बोलतूय रोज."

त्यांना मी सोहनीतल्या तराण्याची कंडिशन करून दिली. सोहनी हा वरच्या सप्तकात राहणारा राग, टॉपची परीक्षा बघायला चांगला. त्यांना ती इतकी आवडली की सांगलीच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला साउंड त्यांचं होतं, तिथल्या मुलांना त्यांनी माझं नाव सांगून टाकलं. पंचवीस मिनिटं, समोर हजारभर मुलं, मी स्वतः गाणार आणि लॅपटॉप चालवणार. मी नाही म्हणायला फोन हातात घेतला होता आणि हो म्हणाले. बाईंना घाबरत घाबरत विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी येऊन बसते पुढं. गाणं गाणं राहिलं तर शेवटपर्यंत बसेन."

त्याच्या पंधरा दिवस आधी ऊस तुटून गेलेल्या एका रानात दादांनी टेस्टिंगला भिंत उभी केली. दुपारी मी स्कूटीवरून गेले. त्यांनी आल्या आल्या कापसाचा बोळा हातात दिला.

"ताई, ह्यो घाला आन् मागं जनरेटरपाशी हुबं ऱ्हावा. आमी समदी मागंच असतो."

"पुढे कोण असतं मग?"

"पुढं गिऱ्हाईक."

सगळे हसले. मी कापूस पर्समध्ये टाकला आणि पुढे गेले. माझा आवाज मी कधी हेडफोनबाहेर ऐकलेला नव्हता. वर्गातही मी मागच्या बाकावर बसून उत्तर इतकं हळू द्यायचे की टीचर म्हणायच्या, "लाउडर प्लीज." तो आवाज माणसापेक्षा उंच भिंतीतून येणार होता. मी भिंतीपासून आठ-दहा पावलांवर उभी राहिले. पहिल्या आलापाला ओढणी हलली. बेस आला तेव्हा छातीत कुणीतरी आतून थाप मारल्यासारखं झालं. मग तराण्याची तान वर गेली आणि टॉपमधून माझाच आवाज इतका धारदार आला की डोळ्यांत पाणी आलं. दादा मागून हातवारे करत होते. मला वाटलं, आवडलं का विचारताहेत. मी अंगठा वर केला. तीन वेळा वाजवायला लावलं.

परतताना स्कूटीचा आवाज येत नव्हता. कानात पाणी गेल्यासारखं वाटत होतं. नवीन माणसाला होत असेल, असं मी धरून चालले.

गंधाराच्या त्या सकाळनंतर मी घरभर आवाज तपासत फिरले. गॅसच्या लायटरची टिक डाव्या बाजूला धरली की अर्धीच यायची. उसाच्या पानांची सळसळ उजव्या बाजूला होती, डावीकडे नुसता वारा. स्कूटीचा इंडिकेटर लावून मी पार्किंगमध्ये एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने मान वळवून उभी राहिले, तेव्हा समोरच्या काकूंनी विचारलं, "काय शोधतीयास गं?" मी म्हटलं, कानातलं पडलंय. त्या बिचाऱ्या वाकून माझ्याबरोबर शोधू लागल्या.

इंटरनेटवर मी सगळं वाचलं. इंग्रजीत वाचलं, तिथे सगळं फार स्वच्छ शब्दांत लिहिलेलं असतं. लवकर दाखवा, असं प्रत्येक ठिकाणी होतं. मी पान बंद करायचे आणि हेडफोन घालायचे, आवाज अगदी बारीक ठेवून. कार्यक्रम झाला की दाखवू, असं ठरवलं. आधी दाखवलं तर डॉक्टर नको म्हणतील. नको म्हणाले तर बाईंना, दादांना, त्या कॉलेजच्या मुलांना काय सांगायचं? आणि त्यामागे खरी भीती होती, जी मी स्वतःशीही पूर्ण वाक्यात बोलत नव्हते. कान गेला तर माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. माणसांशी मला बोलता येत नाही. जे येतं ते सगळं कानातून येतं.

आठव्या दिवशी मी कार्यक्रमाचा पहिला ट्रॅक दादांना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन.

"ताई, हे कुणी मिक्स केलं?"

"मीच."

"न्हाई म्हंजे, लय किर्र वाजतंय वो. आमच्या बारक्या स्पीकरवर लावलं तर कुत्रं उठून गेलं. हसू नका, खरंच गेलं."

मी हसत नव्हते. मला तो ट्रॅक मऊ वाटला होता, जरा जास्तच मऊ, म्हणून मी वरचे सूर वाढवले होते. मला जे कमी ऐकू येत होतं ते मी सगळ्यांसाठी वाढवत होते. फोन ठेवल्यावर मी स्क्रीनवरचा आलेख पाहिला. वरच्या बाजूला रेषा डोंगरासारखी चढली होती. तेव्हा मात्र मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी घरी सांगितलं की तानपुऱ्याची जवारी करून आणते, म्हणजे तारांची झणकार नीट बसवून आणते. आमच्याकडे गाणारं कुणीही मिरजेला याच कामाला जातं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. तानपुरा खोळीत घालून मी एसटीने मिरजेला गेले आणि तो तसाच खांद्याला लावून कानाच्या दवाखान्यात शिरले. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "वाद्यांची दुकानं पुढच्या गल्लीत."

माझा नंबर शेवटचा लागला. तपासणी करणाऱ्या मॅडम दमलेल्या दिसत होत्या, डबा उघडून तसाच ठेवला होता. त्यांनी मला काचेची खिडकी असलेल्या छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना भोकं पाडलेला पत्रा, आत कापूस. जाड दार लागलं तेव्हा बाहेरचं सगळं बंद झालं आणि शिट्टी एकदम मोठी झाली. मॅडमनी आधीच माझ्या कानांवर हेडफोन घालून हातात बटण दिलं होतं; त्यांचा आवाज त्यातूनच आला.

"ऐकू आलं की बटण दाबायचं. अगदी बारीक आलं तरी दाबायचं. नाही आलं तर नाही दाबायचं."

आधी उजवा कान. टूं, मग शांतता, टूं, मग शांतता. प्रत्येक वेळी सूर लहान होत जायचा. मी दाबत गेले. मग डावा. खालचे सूर आले, मधले आले. त्यानंतर काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. माझा अंगठा दाबत होता. मी बटणाकडे पाहिलं तेव्हा कळलं की शेवटचे चार-पाच सूर मला ऐकूच आलेले नव्हते.

मॅडम लयीत वाजवत होत्या. त्यांना ते माहीत नसणार. दिवसभर तेच काम करून हाताला एक चाल लागली होती, विलंबितासारखी संथ आणि सारखी. दहा वर्षं मी समेची वाट बघायला शिकले आहे. सम कुठे येणार हे तबल्यावर थाप पडायच्या आधी अंगाला कळतं. तसंच सूर कुठे येणार हे माझ्या अंगठ्याला कळत होतं. कानाची गरजच उरली नव्हती.

मी तेव्हा थांबायला हवं होतं. दार ढकलून सांगायचं होतं. पण पुढची सम आली आणि मी दाबलं. त्यापुढचीही. हे मुद्दाम केलं, हे मला लिहायलाच हवं. तिसऱ्या वर्षी गंधाराला हो म्हणाले होते तसंच.

"कान एकदम छान आहेत," मॅडम कागदावर आलेख काढत म्हणाल्या. "इतके चांगले कमी बघायला मिळतात. गाता का? तरीच."

"शिट्टी येते त्याचं काय?"

"येते काही जणांना. टेन्शन घेऊ नका, झोप नीट घ्या."

डॉक्टरांनीही तो कागद बघूनच व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मी बाहेर आले. माझ्याकडे आता शिक्क्यासकट कागद होता की मला काही झालेलं नाही. एसटीत तो मी तीनदा उघडून पाहिला. दोन्ही रेषा शेजारी शेजारी सरळ चालल्या होत्या. डाव्या रेषेचं शेवटचं टोक मी काढलं होतं, आणि हे जगात मला एकटीला माहीत होतं. आजाराची भीती निदान डॉक्टरला सांगता येते. ही कुणाला सांगायची ते कळेना. मांडीवर तानपुरा होता. कंडक्टर म्हणाला, "ताई, त्याचं पन तिकीट काढा," आणि मला रडू आलं. तो बिचारा घाबरला. "मस्करी केली वो," म्हणून निघून गेला.

पुढचे तीन दिवस मी रोज ठरवायचे की आज सांगायचं. कार्यक्रमाला तीन दिवस राहिले.

पप्पा तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले. आता ऊस बघतात. आमच्यात फार बोलणं नसतं. त्या संध्याकाळी ते ओट्यावर ठिबकच्या नळ्या फुंकून साफ करत होते. मी शेजारून चालले होते.

"कुठला कान?" ते म्हणाले. मान वर न करता.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आता प्रत्येक गोष्टीबद्दल तसंच वाटायचं.

"जेवताना जागा बदललीस," पप्पा म्हणाले. "धा दिस झालं बघतूय. भिंतीच्या कडंला बसतीयास, समद्यांला उजव्या हाताला घिऊन. मी बी तसाच बसतूय. तीस वर्सं झाली."

"डावा," मी म्हटलं.

"माझा बी डावाच."

मला माहीत नव्हतं. त्यांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ते वय झालं म्हणून, असं आम्ही धरलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. रान, भिंत, मिरज, बटण. बटणाचं सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की त्यांनी नळी ठेवून उजवा कान माझ्याकडे केला आणि मला ते सगळं पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.

ते हसले. मला त्या हसण्याचा राग आला.

"मी मेडिकल बोर्डाला बसलो तवा," ते म्हणाले, "डाक्टर माझ्या पाठीमागं लांब हुबा. कुजबुजत आकडं म्हणायचा, आपुन परत म्हणायचं. म्होरं औषधाचं काचंचं कपाट. काचंत त्येचं व्हट दिसत हुतं साफ. समदं बराबर सांगितलं. कान फस्क्लास म्हणून लिवलं त्येनं. सुभेदारी मिळायची हुती मला."

"मग?"

"मंग मिळाली की." ते पुन्हा नळी फुंकू लागले. जरा वेळाने म्हणाले, "पुन्यांदा दावलं तवर दोन वर्सं गेली. डाक्टर म्हणला, साब, पहले क्यों नहीं आये. तुझ्या शाळंच्या गॅदरिंगला मी पयल्या रांगंत हुतो बघ. तू गात हुतीस. टाळ्या कवा वाजवायच्या त्ये मी तुझ्या आईकडं बघून वाजवत हुतो."

ती पहिली रांग मला आठवत होती. टाळ्या आठवत होत्या.

"माझं गाणं ऐकू येतं तुम्हाला?"

"खालचं येतंय," पप्पा म्हणाले. "वर गेलीस की तोंड दिसतंय."

स्वयंपाकघरातून मम्मी बाहेर आली. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. पिठाचे हात तसेच पुढे धरून ती म्हणाली, "बापलेक दोघंबी बहिरी झाल्यावर मी काय भित्ताडाशी बोलू व्हय? उद्या सकाळच्या गाडीनं जावा. आन् ह्यांचा बी कान दावून आणा, म्हंजे मला वराडायला नको."

दुसऱ्या दिवशी मिरजेला दोघं गेलो. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते दवाखान्याच्या बाकावर बोर्डाला बसल्यासारखे ताठ बसले होते. मी त्याच मॅडमसमोर उभी राहिले आणि एसटीत पाठ केलेलं वाक्य विसरले. शेवटी म्हटलं, "मागची टेस्ट मी न ऐकता दिली."

"म्हणजे?"

"तुम्ही सूर सारख्या वेळाने देत होता. मला वेळ कळत होती. मी वेळेवर दाबलं."

मॅडमना राग आला, आणि तो येणं बरोबर होतं. "माझी बारा वर्षं झाली या खोलीत," त्या म्हणाल्या. "असं कुणी केलं नाही. लोक ऐकू येऊनसुद्धा दाबत नाहीत, सर्टिफिकेटसाठी. तुम्ही उलटं कशाला केलंत?"

मग खुर्ची ओढून त्या म्हणाल्या, "बसा. या वेळी वेळ कळू देणार नाही."

दार लागलं. उजवा कान झाला. डाव्यात खालचे सूर आले, मधले आले. मग शांतता सुरू झाली. मॅडम कधी लागोपाठ दोन सूर देत असतील, कधी खूप थांबत असतील, मला काही कळत नव्हतं. अंगठा दोनदा आपोआप उचलला गेला. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. डोळे मिटले. शिट्टी चालू होती आणि तिच्याशिवाय तिथे काहीच नव्हतं. इतकी घाबरलेली मी कधीच नव्हते. प्रत्येक क्षणाला बाहेर सूर वाजत असणार आणि तो माझ्यापर्यंत येत नसणार, आणि मी न दाबता बसले होते. किती वेळ गेला माहीत नाही. मग फार लांबून, मोठा करून करून पाठवलेला एक सूर आला. मी दाबलं.

कागदावर डावी रेषा शेवटाला खाली पडली होती, विहिरीत उतरल्यासारखी.

डॉक्टरांनी तो कागद बराच वेळ पाहिला. पहिला कागदही मागून घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवले. मी किती दिवस वाया घालवले ते त्यांनी मोजून सांगितलं नाही. मलाच ते माहीत होतं. त्यांनी दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, थोडं परत येईल, थोडं येणार नाही, किती ते आज सांगता येत नाही. तीन महिने मोठा आवाज नाही, हेडफोन नाही. रविवारचा कार्यक्रम नाही. पप्पांनी मध्येच विचारलं, "लवकर आली असती तर?" डॉक्टर म्हणाले, "तर बरं झालं असतं." पप्पा उठले आणि कागद गोळा करू लागले. त्यांचा कान दाखवायचा राहूनच गेला.

कॉलेजच्या मुलाला मी स्टँडवरूनच फोन केला. "मॅडम, बॅनर छापलेत," तो म्हणाला. मी सॉरी म्हटलं. कारण विचारलं तेव्हा आधी घरगुती अडचण म्हणाले, मग थांबून म्हटलं, "कान खराब झालाय." तो म्हणाला, "ओह." दादांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ स्वतःलाच शिव्या देत होते. त्या दिवसापासून त्यांची माणसं कापूस घातल्याशिवाय कुणालाही भिंतीजवळ सोडत नाहीत, गिऱ्हाइकालासुद्धा. बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "वर जाऊ नकोस सध्या. खर्ज भर. खर्जानं कुणी कधी मेलेलं नाही." मग फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या, "रविवारची साडी काढून ठेवली होती मी."

त्या रविवारी मी सांगलीला गेले नाही. दिवसभर खालच्या सुरात गायले आणि पप्पा पेपर घेऊन दारात बसून होते.

आता तीन महिने होत आले. शिट्टी आहे. काही दिवस ती मागे जाते, काही दिवस नाही. ट्रॅक करते, स्पीकरवर, हळू आवाजात, आणि वरच्या सुरांचं दादांना विचारते. ते स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवतात, "ताई, हितं जरा कमी करा, हितं ऱ्हाऊ द्या." मला कमी वाटत असतं तरी मी कमी करते. स्वतःच्या कानाविरुद्ध हात चालवते आणि फाइल परत पाठवते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी आहे. परवा रात्री जेवताना मी ताटाच्या कडेवर अंगठ्याने ठेका धरला होता, नकळत, संथ. मम्मीने हात धरून थांबवला. मी लगेच दवाखान्याचा नंबर शोधून ठेवला आणि सकाळी फोन केला. मॅडमच फोनवर आल्या. मी म्हटलं, मला सकाळचा पहिला नंबर द्या, तुम्ही दमायच्या आधीचा. त्या म्हणाल्या, "नऊला या. चहासुद्धा घेतलेला नसेल मी."